राहून गेलेला बॅकअप

प्रश्न : तारापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी ऑफिसचं उबंटू मशीन सांभाळतो. हिशेबाच्या फायलींचा बॅकअप रोज रात्री २ वाजता व्हावा म्हणून क्रॉन लावला आहे. पण आमची सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी मेन स्विच बंद होतो. पावसाळ्यात तर वीज कधीही जाते. मग राहिलेला बॅकअप मशीन सुरू झाल्यावर आपोआप का होत नाही?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : क्रॉन हा दर मिनिटाला घड्याळ बघणारा रखवालदार आहे. आत्ता कोणत्या कामाची वेळ झाली, एवढंच तो पाहतो. काल काय राहिलं याची वही त्याच्याकडे नसते. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता. तेव्हाची मोठी मशीनं सहसा बंद करत नसत, त्यामुळे अशा वहीची गरजही फारशी भासली नसावी.

आपल्याकडे मात्र ती भासते. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९पासून शेजारी असूनही दिवे का जातात, असं गाऱ्हाणं मांडावंसं वाटतं खरं. पण केंद्राची वीज उच्चदाबाच्या तारांनी थेट ग्रिडमध्ये जाते. ऑफिसातला अंधार बहुतेक वेळा फीडरच्या नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या बिघाडाचा असतो. तेव्हा मशीन मधूनच बंद पडणार, हे धरूनच व्यवस्था लावायची.

त्यासाठी क्रॉनचा भाऊबंद आहे, अनॅक्रॉन. तो तास-मिनिटांऐवजी दिवसांचा हिशेब ठेवतो. काम शेवटचं कोणत्या तारखेला झालं, हे तो फाइलमध्ये लिहून ठेवतो. मशीन सुरू झालं की तारीख पाहतो आणि दिवस उलटला असेल तर काही मिनिटं थांबून काम उरकतो. मशीन चार दिवस बंद असलं तरी बॅकअप एकदाच होतो, चारदा नाही. उबंटूवर तो नसेल तर ‘आप्ट’ने बसवता येतो.

मग तुमची स्क्रिप्ट ‘ईटीसी’मधल्या ‘क्रॉन डॉट डेली’ या फोल्डरात ठेवा आणि क्रॉनमधली जुनी ओळ काढून टाका. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, फाइलचं नाव. ‘बॅकअप डॉट एसएच’ असं टिंब असलेलं नाव दिलंत तर उबंटू ती फाइल मुकाट्याने वगळतं, चुकीचा संदेशही दाखवत नाही. नाव नुसतं ‘बॅकअप’ ठेवा. दुसरं, परवानगी. ‘सीएचमॉड’ने फाइल चालवण्याजोगी करा आणि पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता द्या. तिसरं, वाटा. तुमच्या टर्मिनलला जे पत्ते ठाऊक असतात ते या कामाला ठाऊक नसतात. म्हणून फोल्डरांचे आणि प्रोग्रॅमचे पत्ते मुळापासून पूर्ण लिहा.

कॉपीसाठी ‘आरसिंक’ वापरा. १९९६पासूनचं हे साधन दरवेळी सगळं उचलत बसत नाही, बदललेल्या फायलीच घेतं. पण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जात असेल तर आधी ‘माउंटपॉइंट’ या आदेशाने डिस्क जोडलेली आहे ना, हे स्क्रिप्टलाच तपासायला लावा. केबल निघालेली असेल तर तेच फोल्डर रिकामं, पण जागेवर असतं. मग आरसिंक आतल्याच डिस्कवर दुसरी प्रत करतो, आणि डिस्क गेली की दोन्ही प्रती जातात.

हे काम रूटच्या नावाने चालतं, म्हणून स्क्रिप्ट आधी एकदा ‘सुडो’ लावून हाताने चालवून बघा. मग येत्या शनिवारी मशीन सुरू केल्यावर चहा घेऊन या आणि बॅकअपमधली एक फाइल उघडून पाहा. उघडली, तरच बॅकअप झाला म्हणायचं.