पाळीतील वेदना : सोसण्याची की सांगण्याची?

‘पाळी म्हटली की दुखायचेच’ हे वाक्य आपल्या घरांत आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आले आहे. ते अर्धेच खरे आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात कळ येणे आणि शेकाने वा साध्या वेदनाशामक गोळीने ती शमणे स्वाभाविक होय. परंतु दरमहा मुलीची शाळा बुडत असेल, गोळी घेऊनही ती तळमळत असेल, तर त्यामागे आजार असू शकतो.

असाच एक आजार म्हणजे एंडोमेट्रिओसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर, गर्भनलिकांवर किंवा ओटीपोटाच्या आतील आवरणावर वाढतात. तेथे दाह होतो आणि कधी अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत शौचाच्या वा लघवीच्या वेळी दुखणे, एरवीही ओटीपोट दुखणे, अतिशय थकवा, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना आणि गर्भधारणेत अडचण ही त्याची लक्षणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रिया व मुली या आजाराने ग्रस्त आहेत.

तरीही निदानास अनेकदा वर्षे लागतात. मुलगी संकोचाने बोलत नाही आणि वडीलधारी माणसे ‘लग्न झाले की थांबेल’ म्हणतात. लग्न किंवा बाळंतपण हा या आजारावरील उपचार नव्हे. तो मुलीच्या कोणत्याही चुकीमुळे होत नाही आणि संसर्गजन्यही नाही.

मग काय करावे? पाळीची तारीख, वेदना किती दिवस टिकली, कोणती गोळी घेतली, कोणते काम अडले, हे एका वहीत लिहावे. ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. सोनोग्राफी निर्दोष आली तरी आजार नाहीच असे ठरत नाही. त्रास चालू राहिल्यास पुन्हा दाखवावे. हा आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही; परंतु वेदनाशामके, संप्रेरकांची औषधे व गरजेनुसार दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया यांनी त्रास पुष्कळ आटोक्यात येतो.

वसतिगृहातील मुलगी आईपासून दूर असते. तेथे तिचे पहिले ऐकणारे माणूस गृहमाता वा शिक्षिका असते. ‘थोडे सहन कर’ या उत्तराऐवजी ‘कुठे दुखते, कधीपासून?’ हा प्रश्न तिला ऐकू यावा. हाच प्रश्न घरी वडिलांनी आणि भावानेही विचारावा. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.