गवतापासून माणसापर्यंत : वासेट्ठ सुत्त आणि निसर्गातील 'जाती'

मराठी भाषेत 'जात' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आंब्याची जात, ज्वारीची जात, म्हशीची जात आणि माणसाचीही जात! शब्द एकच असला की वस्तूही एकच असावी असे मनाला वाटू लागते. बाभळीला आंबे लागत नाहीत, तेव्हा अमक्या घरात जन्मलेल्याला गणित कसे येईल, असा युक्तिवाद शिकलेली माणसेही करतात. नोकरीच्या ठिकाणी हिशेब चुकला तर एकाचा विसराळूपणा निघतो आणि दुसऱ्याची जात निघते. 'ते रक्तातच असावे लागते' हे वाक्य तर शाळेत, कचेरीत आणि लग्नाच्या बोलाचालीत सर्रास ऐकू येते.

हा युक्तिवाद अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांच्या पुढे आला होता. त्यांनी त्याला दिलेले उत्तर सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात आहे. हेच सुत्त मज्झिमनिकायातही येते. धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपात मराठीत आणल्यामुळे ते आपल्याला आपल्या भाषेत वाचता येते. आजच्या जीवशास्त्राच्या उजेडात त्या उत्तराकडे पाहावे, हा या लेखाचा हेतू आहे.

सुत्ताचा प्रसंग

कोसल देशातील इच्छानंगल गावाजवळ वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण फिरत असताना त्यांच्यात वाद झाला. भारद्वाजाचे म्हणणे असे की, मातेकडून आणि पित्याकडून सात पिढ्यांपर्यंत ज्याचे कुळ शुद्ध, तो ब्राह्मण. वासेट्ठाचे म्हणणे असे की, शील आणि आचरण यांनी माणूस ब्राह्मण होतो. वाद मिटेना, म्हणून दोघे भगवंतांकडे आले.

भगवंतांनी एकदम निकाल दिला नाही. त्यांनी प्रथम निसर्गाकडे बोट दाखवले. गवत आणि वृक्ष, कीटक आणि मुंग्या, चतुष्पाद प्राणी, सरपटणारे साप, मासे आणि शेवटी पक्षी अशा क्रमाने ते गेले. या प्रत्येकात जन्मानेच आलेली वेगवेगळी चिन्हे आहेत, त्यांच्या जाती खरोखरच भिन्न आहेत, असे त्यांनी सांगितले. त्याच क्रमाने आपण एकेक उदाहरण घेऊ.

वनस्पती : कमळ

कमळाच्या पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा धावतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कारण शोधले. १९९७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते सविस्तर मांडले. पान आपल्याला गुळगुळीत वाटते, पण त्यावर असंख्य बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. थेंब केवळ या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. त्यामुळे तो पसरत नाही, घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. चिखलाच्या तळ्यात पान स्वच्छ राहण्याचे रहस्य हे आहे.

कमळाचे बी याहून नवलाचे. चीनमधील एका जुन्या, कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे बी रुजले, अशी नोंद १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्या बियांचे टणक कवच हवा आणि पाणी आत जाऊ देत नाही.

कीटक : आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या

आंब्याच्या झाडावर पाने जोडून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या कोकणात सर्वांनी पाहिल्या आहेत. बहुतेकांनी त्यांचा चावाही अनुभवला आहे. पाने एकमेकांपासून लांब असतील तर या मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि पानांच्या कडा जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच वसाहतीतील अळ्या जबड्यात धरून आणतात. अळीचे तोंड एकदा या कडेला, एकदा त्या कडेला टेकवतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा येतो आणि पाने शिवली जातात. यासाठी कोणत्याही मुंगीला शिवणवर्गाला जावे लागत नाही.

चतुष्पाद : उंट

उंटाच्या मदारीत पाणी असते हा समज चुकीचा आहे. तिच्यात चरबी असते. त्याचे खरे सामर्थ्य वेगळे. माणसाच्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी कमी झाले तर जीव धोक्यात येतो. उंट पंचवीस टक्क्यांपर्यंतची घट सोसतो. तहानलेल्या उंटाच्या शरीराचे तापमान पहाटे सुमारे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारी ४० अंशांपर्यंत चढते. त्यामुळे घाम गाळून पाणी घालवण्याची गरज कमी होते. पाणी मिळाले की तो दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊ शकतो. त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी लांबट गोल असतात आणि फुगल्या तरी सहज फुटत नाहीत, म्हणून हे त्याला झेपते.

साप : चापडा

सह्याद्रीच्या जंगलात हिरवा चापडा फांदीवर रात्रभर निश्चल बसतो. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. खळग्यातील पातळ पडद्याला उष्णतेतला अत्यंत सूक्ष्म फरक कळतो. त्यामुळे मिट्ट काळोखातही उंदराचे किंवा पक्ष्याचे उबदार शरीर त्याला जणू दिसते.

मासा : निवटी

आपल्या खाड्यांच्या चिखलात ओहोटीच्या वेळी निवट्या उड्या मारताना दिसतात. निवटी हा मासाच, पण तो पाण्याबाहेर तासन्‌तास राहतो. कल्ल्यांच्या पोकळीत तो पाणी धरून ठेवतो. ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून तो हवेतला प्राणवायू घेतो. पुढच्या परांचा उपयोग तो हातांसारखा करून चिखलावर सरकतो.

पक्षी : पट्टकादंब

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस हिवाळ्यात जायकवाडी, उजनी अशा जलाशयांवर येतो. त्याची वीण मंगोलिया आणि तिबेटच्या बाजूला होते, म्हणजे वाटेत हिमालय! अंगावर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात तो ७२९० मीटर उंचीवरून गेल्याची नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली. तेथे समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी प्राणवायू मिळतो. या पक्ष्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनची घडण किंचित वेगळी आहे, त्यामुळे ते विरळ हवेतूनही प्राणवायू पकडते. फुफ्फुसेही त्याच्या आकाराच्या इतर हंसांपेक्षा मोठी असतात.

या चिन्हांचा अर्थ

ही सामर्थ्ये आली कोठून? चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली याचे उत्तर दिले. एकाच जातीच्या जिवांत जन्मतः थोडेथोडे फरक असतात. त्या त्या परिस्थितीत जो फरक उपयोगी पडतो, तो असलेले जीव अधिक जगतात आणि अधिक संतती मागे ठेवतात. हजारो पिढ्यांनंतर तो फरक त्या जातीचे चिन्ह होऊन बसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. निसर्ग जागेनुसार सामर्थ्य देतो, प्रतिष्ठा देत नाही. निवटीला वाळवंटात सोडले तर ती घटकाभरात मरेल. उंटाला पाण्याखाली श्वास घेता येणार नाही. म्हणून उंट श्रेष्ठ आणि निवटी हलकी असे ठरत नाही. उच्चनीचतेची उतरंड निसर्गाच्या कोणत्याही पानावर लिहिलेली नाही. ती माणसाने लिहिली आणि निसर्गाच्या नावावर खपवली.

मग माणसाचे काय?

पक्ष्यांपर्यंत आल्यावर भगवंत माणसाकडे वळतात. केस, डोके, कान, डोळे, तोंड, नाक, ओठ, मान, खांदे, हात, पाय असे एकेक अवयव ते घेतात आणि सांगतात की, यांपैकी कशातही माणसामाणसांत जातीचे वेगळे चिन्ह नाही. माणसांतला भेद केवळ नावांचा, व्यवहाराचा आहे. गाई राखून जगतो तो शेतकरी, कारागिरीवर जगतो तो कारागीर, व्यापारावर जगतो तो व्यापारी.

आजचे विज्ञान काय म्हणते? मानवी आनुवंशिक लिपी वाचण्याचा मोठा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला. कोणत्याही दोन माणसांच्या लिपीत हजार अक्षरांमागे साधारण एका अक्षराचा फरक असतो. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ सालीच दाखवले होते की, माणसांतील आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच समूहाच्या आत असते. समूहासमूहांतला फरक त्यामानाने फार थोडा.

कोणी म्हणेल, माणसांतही अनुकूलन झालेले दिसते ना? होय, दिसते. तिबेटच्या पठारावरील लोकांना विरळ हवेत राहणे सोपे जाते, त्यामागे एक विशिष्ट जनुक आहे असे २०१० साली समजले. पण ते उंचीशी जुळवून घेणे आहे. त्याने तिबेटी माणूस वेगळ्या जातीचा प्राणी होत नाही आणि कोणापेक्षा वरचा किंवा खालचाही होत नाही.

आपल्या देशापुरते पाहावे तर २०१३ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे आणि हार्वर्डचे शास्त्रज्ञ यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील भिन्न समूहांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि तिच्या खुणा जवळजवळ सर्वच समाजांत सापडतात, असे त्यातून दिसले. आपसांतच लग्न करण्याचे कडक बंधन त्यानंतर आले. म्हणजे आधी माणसे एक झाली आणि मागाहून भिंती उभ्या राहिल्या. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात ठामपणे सांगितले होते की, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य हे एकाच वंशाचे आहेत. जात ही वंशाची सीमारेषा नव्हे. त्यांच्या हाती तेव्हा आजची साधने नव्हती, पण निष्कर्ष तोच होता.

माणसाचे खरे सामर्थ्य

मग माणसाला निसर्गाने काहीच दिले नाही का? दिले, आणि फार मोठे दिले. माणसाचे मूल अत्यंत असहाय जन्मते. जन्मावेळी त्याचा मेंदू प्रौढ मेंदूच्या चौथ्या हिश्शाहून थोडासाच मोठा असतो. उरलेली वाढ जगात आल्यावर होते. आईच्या बोलण्यात, अंगणात, शाळेत, पुस्तकांत होते. मराठी आईबापांचे मूल जपानी घरात वाढले तर ते जपानी बोलेल. मुंगी शिवणकाम घेऊनच जन्मते, तिला ते शिकावे लागत नाही. माणूस रिकाम्या हाताने जन्मतो, म्हणून तो काहीही शिकू शकतो. शिकणे हेच माणसाचे अनुकूलन आहे.

यावरून एक गंभीर गोष्ट निघते. माशाला पाण्याबाहेर काढले तर त्याला 'पोहता येत नाही' म्हणून आपण हिणवत नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या ज्याला अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्या मुलाला 'रक्तातच नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? माणसाला शिक्षणापासून तोडणे म्हणजे कमळाच्या पानावरचे मेण खरवडून काढणे आणि मग पान मळले म्हणून त्यालाच दोष देणे होय.

कमळाच्या पानाचा दृष्टान्त याच सुत्तात पुढे येतो. पानावर जसे पाणी चिकटत नाही, तसा जो भोगांना चिकटत नाही, त्याला मी ब्राह्मण म्हणतो, असा त्याचा आशय आहे. येथे लक्ष देण्यासारखा फरक असा की, कमळाला ही अलिप्तता जन्माने मिळते. माणसाला ती रोज मिळवावी लागते, शीलाने आणि अभ्यासाने. कमळाला त्याचे श्रेय नाही, माणसाला आहे. आणि जे मिळवावे लागते, ते कोणत्याही घरी जन्मलेल्याला मिळवता येते. सुत्ताच्या शेवटी वासेट्ठ आणि भारद्वाज, दोघेही बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण गेले. जन्माचा पक्ष घेऊन आलेला भारद्वाजही आपले मत बदलू शकला, कारण तोही शिकू शकणारा माणूसच होता.

आपल्या मुलाबाळांना कमळाचे पान, मुंग्यांचे घरटे आणि खाडीतली निवटी अवश्य दाखवावी. दाखवताना हे सुत्तही वाचून दाखवावे. म्हणजे उद्या वर्गात कोणी त्यांची 'जात' काढली, तर त्यांना खाली मान घालावी लागणार नाही. ती शांतपणे सांगू शकतील की आंब्याला जात असते, मुंगीला जात असते. माणसाची जात एकच, आणि ती म्हणजे माणूस.