सरहद्दीवरची मोजदाद आणि दुकानदाराचा हिशेब

बाजारात वर्दळ वाढली म्हणजे विक्री वाढणार, असे आपण धरून चालतो. ही समजूत तपासून पाहायला अमेरिका-मेक्सिको सरहद्दीचे आकडे आम्हाला फार उपयोगी वाटतात.

तेथील कस्टम खाते प्रत्येक नाक्यावर ट्रक, भरलेले कंटेनर, रिकामे कंटेनर, खाजगी गाड्या, त्यांतील प्रवासी आणि पायी येणारे यांची वेगवेगळी नोंद ठेवते. सरकारचे वाहतूक सांख्यिकी खाते ती महिनावार प्रसिद्ध करते. ती वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली, ही मोजणी फक्त अमेरिकेत येणाऱ्यांची आहे, परत जाणाऱ्यांची नाही. दुसरी, येथे खेप मोजतात, माणूस नव्हे. तिहुआनाचा एक मजूर वर्षात 250 दिवस कामाला आला तर 250 आकडे लागतात. माणूस मात्र एकच. तिसरी, ट्रकची संख्या म्हणजे मालाची किंमत नव्हे. रिकामा कंटेनर ओढणारा ट्रकही ट्रकच धरला जातो. किमतीचा तक्ता वेगळा निघतो.

नाका कोणता, हेही पाहावे. सॅन दिएगोजवळच्या सॅन इसिद्रो नाक्यावर मोटारींची आणि पादचाऱ्यांची रीघ असते. मालाचे ट्रक मात्र ओटाय मेसा नाक्याने येतात.

याचा खरा धडा 2020 साली मिळाला. कोरोनामुळे 21 मार्च 2020 पासून 8 नोव्हेंबर 2021 पर्यंत अनावश्यक प्रवासाला बंदी होती. मालवाहतूक चालू होती. मेक्सिकोकडून येणारे ट्रक त्या वर्षीही 60 लाखांच्या वरच राहिले. पायी येणारे मात्र खूप घटले. सॅन इसिद्रोची दुकाने पलीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालत. त्यांतील अनेक कायमची बंद झाली. नुसते ट्रकचे आकडे पाहणाऱ्याला सरहद्दीवरचा धंदा ठीक दिसला असता. दुकानदाराची रोजी मात्र दुसऱ्याच रकान्यात बुडत होती.

आपणही वहीत रकाने वेगळे ठेवावेत: दुकानात आले किती, बिले फाटली किती, त्यांत जुनी गिऱ्हाइके किती आणि नवी किती. आपली रोजी कोणत्या रकान्यावर उभी आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला मंदीची चाहूल इतरांच्या आधी लागते.