आधारची झेरॉक्स कुठं कुठं राहते

2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे जमा झाले आणि आमच्या नांदेड जिल्ह्यात, हदगाव तालुक्यातल्या मनाठा भागात, एक प्रकार उघडकीला आला. आरोप होता एका सेवा केंद्रचालकावर. त्यानं गावातल्या पुरुषांची आधार कार्डं आणि पासबुकं घेतली, त्यावर लाडक्या बहिणींचे अर्ज भरले, आणि रोजगार हमीचे पैसे आलेत असं सांगत अंगठे लावून घेऊन ती रक्कम काढली. बहिणीच्या योजनेत बाप्ये कसे, म्हणून लोक हसले. मला हसू आलं नाही. माझ्या नावावरही कुणीतरी असंच दुसरं माणूस होऊन बसलं होतं.

मुलीला नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवायचं ठरलं, म्हणून मी बँकेत कर्जाची चौकशी करायला गेले. अधिकाऱ्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. "मॅडम, तुमचं आधीचं एक कर्ज थकलंय." मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमधून घेतलेलं कर्ज होतं ते. पॅन माझा, जन्मतारीख माझी. मोबाइल नंबर आणि पत्ता मात्र भलत्याचाच. रक्कम फार मोठी नव्हती, पण सिबिल बिघडलं होतं आणि मुलीच्या प्रवेशाची तारीख काही त्यासाठी थांबणार नव्हती. माझे कागद नेमके कुठून गेले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते कुठं कुठं पडून असू शकतात, हे मात्र तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून पाहते आहे.

कुठल्याही मल्टीसर्व्हिसेसच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहा. गिऱ्हाईक म्हणतं, आधारची प्रिंट पाहिजे. दुकानातला मुलगा भिंतीवरच्या नंबरकडं बोट दाखवतो, "ताई, यावर टाका." कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडंच असतं. त्यात एकाखाली एक आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, कुणाच्या लेकीचा पासपोर्ट साइज फोटो. प्रिंट निघते, दहा रुपये दिले जातात, माणूस निघून जातो. फाइल तिथंच राहते. मुलगा वाईट नसतो, त्याच्यामागं रांग असते. पण त्या खुर्चीवर उद्या कोण बसेल, हे त्यालाही सांगता येणार नाही. लातूरच्या ट्युशन एरियात होस्टेल, मेस, अभ्यासिका सगळीकडं हेच चालतं, आणि तिथं कागद मुलांचे असतात. सतरा वर्षांच्या पोरीची सगळी ओळख अनोळखी माणसाच्या फोनमध्ये जाते, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

म्हणून कागद देण्याची वेळच सांभाळायची. काय पाठवलं ते डोळ्यांसमोर पुसून घ्या, डाउनलोडच्या फोल्डरमधूनही. मागायला लाजू नका. ई-आधारला पासवर्ड असतो, म्हणून ते सुरक्षित आहे असं समजू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष, आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या झेरॉक्सवर छापलेल्याच असतात. त्यापेक्षा आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढून ठेवा; त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. लॉजवर, होस्टेलवर, कुरिअरवाल्याकडं आधी तेच पुढं करा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा : कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं झेरॉक्स सरसकट देऊ नका असं पत्रक काढलं होतं. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून ते दोन दिवसांत मागं घेतलं गेलं. माझ्या मते पत्रकातला सल्ला योग्यच होता.

अंगठ्याचं प्रकरण वेगळं, आणि आपल्या खेड्यांत ते जास्त धोक्याचं. आधारवरून पैसे काढताना ओटीपी लागत नाही. बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा पुरतो. म्हणून यंत्रावर बोट ठेवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी विचारलंच पाहिजे, हा अंगठा कशाचा? आणि पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं. रेशनसाठी किंवा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं. माझ्या सासूबाईंचं मी लॉक करून दिलंय. रेशनच्या दिवशी नातू उघडून देतो.

आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत, ते केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नाही' म्हणून तिथंच कळवा. सिबिलसारख्या, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. कर्ज नको असलं तरी तो मागवा. मी आधी कधी मागवला नव्हता, मी नोकरी करते त्या शाळेतही कुणी मागवला नव्हता.

आणि घडलंच, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर तितकं बरं. मग सायबर पोलिसांत लेखी तक्रार द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. "ॲपवाल्यालाच विचारा" असं कुणी म्हणालं, तरी पोच घेतल्याशिवाय परतू नका. त्या पोचेची प्रत जोडून कर्ज देणारी कंपनी आणि सिबिल, दोघांकडं हरकत नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. दिवस तक्रारीच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा तक्रार क्रमांक आणि तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.