संयुक्त रकाना : संगणकीय नोंदींची एक उपयुक्त रचना

सातबारा उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर व आर या परिमाणांत नोंदविलेले असते. १०० आर म्हणजे १ हेक्टर. कागदी नोंदवहीत गट क्रमांक व त्याचे क्षेत्र एकाच ओळीत असल्याने त्यांचा परस्परसंबंध तुटत नाही. संकेतस्थळावर मात्र गट क्रमांकांचा एक व क्षेत्रांचा दुसरा असे स्वतंत्र रकाने ठेवल्यास, एका रकान्यातील नोंद वगळताच एका गटाचे क्षेत्र दुसऱ्याच गटासमोर येते. ग्रामपंचायतीच्या जमिनींच्या यादीत असा घोटाळा घातक ठरेल. संयुक्त रकाना हा त्यावरील उपाय होय.

ड्रूपल या आशय-व्यवस्थापन प्रणालीत असा रकाना स्वतःच्या मॉड्यूलद्वारे निर्माण करता येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आठव्या आवृत्तीपासून त्यासाठी तीन घटक लिहावे लागतात.

पहिला घटक रकान्याच्या प्रकाराचा. गट क्रमांक, हेक्टर व आर हे उपभाग आणि त्यांचे स्वरूप येथे ठरते. गट क्रमांक मजकूर म्हणून ठेवावा. कारण त्यात ‘४५/२’ अशी पोटहिश्शाची खूण असू शकते. हेक्टर व आर पूर्णांकात ठेवावेत. हे तीनही उपभाग माहितीकोशाच्या एकाच ओळीत साठविले जातात व त्या ओळीस अनुक्रमांक मिळतो.

दुसरा घटक विजेट, म्हणजे माहिती भरण्याच्या चौकटी. आरच्या चौकटीस ० ते ९९ अशी मर्यादा घालावी. तिसरा घटक फॉर्मॅटर. तो साठविलेली माहिती ‘० हेक्टर ४० आर’ अशी वाचकांपुढे मांडतो.

नोंद रिकामी केव्हा मानावी, हेही पहिल्या घटकातच सांगावे लागते. केवळ हेक्टर पाहून हा निर्णय घेतल्यास व शून्यास रिकामे मानल्यास, एक हेक्टरहून लहान असलेली जमीन यादीतून नाहीशी होईल. लहान खातेदारांच्या दृष्टीने हे अन्यायकारक ठरेल. यास्तव गट क्रमांक नसेल तरच नोंद रिकामी समजावी.

माहिती साठविल्यानंतर उपभागांची रचना बदलणे कष्टाचे असते. म्हणून संगणकतज्ज्ञाने काम आरंभण्यापूर्वीच ग्रामपंचायत अधिकारी व सदस्यांनी नोंदवही समोर ठेवून कोणते उपभाग हवेत, हे निश्चित करणे श्रेयस्कर होय.