वल्द म्हणजे कोणाचा?

बापाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. आजोबाचेही असते. पणजोबाचे नाव विचारले की माणूस अडखळतो. खापरपणजोबाचे नाव सांगणारा गावात एखादाच म्हातारा सापडतो.

पण ज्याच्याकडून सारा घ्यायचा, त्याचे नाव सरकार लिहून ठेवते. भावाभावांचा तंटा कोर्टात गेला, तर कोर्टही नावे लिहून घेते. नांदेड-लातूरकडच्या अशा जुन्या कागदांत आपले वाडवडील कसे शोधावे, ते आज आपण पाहू.

हे नुसते हौसेचे काम नाही. वारसाहक्क शाबीत करायला हे कागद लागतात. मुलाचा जातीचा दाखला काढायलाही लागतात. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा मागतात. 2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली. तेव्हा तहसिलांतली जुनी दप्तरे सोडली आणि मोडी व उर्दू वाचणारी माणसे हुडकावी लागली.

मोडी आणि उर्दू का? आपला मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. गावचा पटवारी मोडीत लिही. वरच्या कचेरीचा आणि कोर्टाचा कारभार उर्दूत चाले. अक्षर ओळखू आले नाही तर घाबरू नका. वाचणारा गाठा, आणि त्याला काय शोधायचे ते नीट सांगा.

सर्वांत मोलाचा शब्द आहे ‘वल्द’. वल्द म्हणजे मुलगा. ‘रामा वल्द सटवा’ म्हणजे सटवाचा मुलगा रामा. मराठी कागदात याच जागी ‘बिन’ किंवा ‘पि.’ असते. बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ असेल तर पुढचे नाव नवऱ्याचे. ‘साकिन’ म्हणजे राहणार. ‘कौम’ म्हणजे जात. एका ओळीत बाप, गाव, जात, सारे मिळते. मग त्या बापाच्या नावाचा जुना कागद शोधायचा. जिन्यावर पायरी चढावी तसे एकेक नाव वर जायचे.

आता साल. त्या कागदांवर फसली साल असते. ते ऑक्टोबरात सुरू होई. फसली आकड्यात 590 मिळवा, म्हणजे आपले इंग्रजी साल निघते. 1340 फसली म्हणजे 1930-31. रक्कम ‘हाली’ रुपयात दिसेल. ते निजामाचे नाणे. इंग्रजांचा रुपया तो ‘कलदार’. सहा कलदारांना सात हाली मिळत. तेव्हा आजोबाचा सारा शेजारच्या इंग्रजी मुलुखाशी ताडून पाहाल तर फसाल.

साल पाहिल्याशिवाय नाव जुळवू नका. आपल्याकडे आजोबाचे नाव नातवाला ठेवतात. समजा, 1954-55 च्या खासरा पत्रकात ‘रामा पि. सटवा’ आहे. हा तुमचा आजा. 1311 फसलीच्या, म्हणजे 1901-02 च्या कागदातही ‘रामा वल्द सटवा’ आहे. सर्व्हे नंबर तोच. तुम्ही म्हणाल, हाच आमचा आजा! पण मध्ये पन्नासांहून जास्त वर्षे गेली. मधला 1344 फसलीचा कागद काढला तर त्यात ‘सटवा वल्द रामा’ निघतो. म्हणजे जुना रामा तुमचा खापरपणजा. घाईत दोन पिढ्या पुसल्या गेल्या असत्या, आणि तपासणीत दाखलाही अडला असता.

कागद मागायचा कुठे? प्रथम तहसिलीतल्या अभिलेख कक्षात. गाव आणि सर्व्हे नंबर सांगून सेतवार, जुने पाहणी पत्रक आणि 1954-55 चे खासरा पत्रक यांच्या नकला मागा. माणूस मेल्यावर पट्टा कोणाच्या नावे करायचा, त्याची ‘विरासत’ची मिसल होत असे. तीही विचारा. तिच्यात सगळे वारस एका जागी भेटतात.

इथे एक मेख आहे. जिल्हे बदलले. लातूर जिल्हा 1982 साली उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिवातून निघाला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होते. म्हणून उदगीरच्या माणसाने जुन्या कागदावर ‘जिल्हा बिदर’ पाहून तो परका म्हणून टाकू नये. तालुक्यात मिळाले नाही तर छत्रपती संभाजीनगरचे पुराभिलेखागार आहे. निजाम सरकारचे मोठे दप्तर हैदराबादला राज्य अभिलेखागारात आहे.

कोर्टाची मिसल जाडजूड असते, पण आम्हाला विचाराल तर तीच जास्त बोलते. साऱ्याच्या कागदात पट्टेदाराचे तेवढे नाव. कोर्टात मात्र दोन्ही बाजू आपापला ‘शजरा’, म्हणजे वंशावळ मांडत. विधवा पोटगी मागे. दत्तक खरा की खोटा, यावर साक्षी होत. त्यामुळे आज्या-पणज्यांची नावे निघाली तर बहुधा इथेच निघतात. मात्र भांडणारा माणूस शजरा आपल्या सोयीने सांगतो. दोन्ही बाजूंचे कागद वाचा, आणि निकालात काय धरले ते पाहा.

ज्यांना जमीनच नव्हती त्यांचे काय? सारा नाही, तर साऱ्याच्या कागदात नावही नाही. हा त्या कागदांचा मोठा अन्याय आहे. पण बलुत्याची किंवा वतनाची इनाम जमीन असेल तर इनामाच्या चौकशीचे कागद पाहावे. दुसऱ्याची जमीन कसत असतील तर 1950 च्या कूळ कायद्याखालची संरक्षित कुळांची यादी पाहावी. आजोबा चार दिवस जरी शाळेत गेले असतील तरी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आहे. कोतवाल बुकात जन्ममृत्यू आहेत.

निघण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. आत्या असेल, चुलत आजी असेल. कोण कोणाचा, कोण कुठे दिली, ते वहीत लिहून घ्या. घरच्या ट्रंकेतल्या सारा-पावत्या सोबत घ्या, पण अस्सल कागद कोणा दलालाच्या हाती देऊ नका. नक्कल द्या. कचेरीत अर्ज दिला की त्याची पोच मागा, आणि पोचेवर तारीख आणि शिक्का आहे का, ते तिथेच वाचून पाहा.