आधी मोजा, मग ठरवा

भांडुप पश्चिमेला डोंगराच्या उतारावर आमची खोली आहे. पावसाळ्यात तिथल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. २०१५ च्या जुलैमध्ये पाण्याची कळशी घेऊन चढताना माझा पाय सटकला आणि मी कमरेवर आपटले. दुसऱ्या दिवशी उठता येईना, म्हणून ह्यांनी रिक्षा करून मला स्टेशनजवळच्या एका एक्स-रे सेंटरमध्ये नेलं. कमरेचे दोन फोटो काढले, एक पाठीवर झोपवून आणि एक कुशीवर. हाड शाबूत होतं.

खोलीच्या दारावर पाटी होती : गर्भवती असल्यास आधी सांगा. मी ती वाचली आणि सरळ आत गेले. पाळी चार-पाच दिवस लांबली होती; ते मी दगदगीवर ढकललं होतं. आत कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दहा दिवसांनी पट्टीवर दोन रेघा उमटल्या. शेजारच्या काकूंना कळलं तशा त्या म्हणाल्या, "अगं, एक्स-रे झालाय ना? मग ठेवू नकोस." जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फोटोचं पाकीट उघडलंसुद्धा नाही. "कशाला रिस्क घेता?" म्हणत गर्भपातासाठी पुढच्या सोमवारची वेळ दिली आणि सहीचा कागद हातात ठेवला. त्या आठवड्यात घास घशाखाली उतरत नव्हता. आपणच आपल्या बाळाचं वाईट केलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नणंदेने हट्ट धरला, "वहिनी, सही करण्याआधी एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवा." तिथल्या डॉक्टरबाईंनी पाकिटातल्या फिल्म उजेडावर धरल्या आणि तीनच प्रश्न विचारले. कुठल्या भागाचा एक्स-रे, किती फोटो, शेवटची पाळी कधीची? मग केसपेपरच्या मागे आकडे लिहून दाखवले. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

गर्भापर्यंत पोचलेलं रेडिएशन मिलिग्रेमध्ये मोजतात. माती, दगड, आकाश यांच्यामधून नऊ महिन्यांत प्रत्येक बाळाला साधारण अर्धा ते एक मिलिग्रे मिळतंच. छातीच्या एक्स-रेत गर्भाला ०.०१ मिलिग्रेहूनही कमी पोचतं, दाताच्या किंवा हातापायाच्या एक्स-रेतही नगण्यच. कमरेच्या मणक्यांच्या एक्स-रेत १ ते १० मिलिग्रे, आणि ओटीपोटाच्या सीटी स्कॅनमध्ये १० ते ५०. व्यंग किंवा गर्भपाताचा धोका ५० मिलिग्रेच्या खाली वाढल्याचं दिसत नाही. किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तर २००० सालीच स्पष्ट लिहिलं की १०० मिलिग्रेच्या आतलं रेडिएशन हे गर्भ पाडण्याचं कारण धरू नये. माझे दोन्ही फोटो मिळून हिशेब १० च्या आत होता.

सोमवारी मी गेले नाही. मार्च २०१६ मध्ये मुलगी झाली. ती धडधाकट आहे, पण तेवढ्यावरून कोणी काही ठरवू नये. एक्स-रे असो वा नसो, शंभरात दोन-तीन बाळांमध्ये जन्मतः काही दोष असतो. आमचा निर्णय त्या केसपेपरवरच्या आकड्यांवर उभा होता.

म्हणजे एक्स-रे बिनधास्त काढावा असंही नाही. पूर्वी बाळंतपणाआधी आईच्या ओटीपोटाचे एक्स-रे काढत. १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवलं की अशा मुलांमध्ये लहानपणीच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त होतं. तो धोका मुळात फार छोटा, पण विनाकारण का घ्यायचा? आता ते काम सोनोग्राफी करते, आणि तिच्यात एक्स-रे नसतात.

भीतीची दुसरी बाजू मी माझ्या जाऊबाईंच्या बाबतीत पाहिली. पाचव्या महिन्यात त्यांना तीन आठवडे खोकला होता. माझीच गोष्ट आठवून त्यांनी छातीचा एक्स-रे नाकारला आणि महिनाभराने टीबी निघाला. गरोदरपणातही टीबीचे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. उशीर मात्र आईला आणि बाळाला दोघांनाही महाग पडतो.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं करा. पाळी एक दिवस जरी लांबली असेल तरी टेबलावर झोपण्याआधी सांगा, कोणी विचारायची वाट पाहू नका. शंका असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. या एक्स-रेने उपचार बदलणार आहे का, सोनोग्राफीवर भागेल का, आठ दिवस थांबता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. खरोखर गरज असेल तर नाकारू नका. नकळत काढून झाला असेल तर फिल्म, रिपोर्ट आणि तारीख जपून ठेवा. सीटी स्कॅन असेल तर मशीनने दिलेला डोसचा आकडाही मागून घ्या. हिशेब त्यावरूनच होतो.

आणि कोणी "पाडून टाक" म्हणालं, तर एकच विचारा, "किती मिलिग्रे?" उत्तर मिळेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका.